आमच्या वतीनं कोण बोलतं?

आठ मार्चचे कार्यक्रम आमच्याकडे आठ मार्चला संपत नाहीत, चांगले महिनाभर चालतात. दौंडला अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. मंगल कार्यालय, प्लास्टिकच्या खुर्च्या, जाताना प्रत्येकीला स्टीलचा डबा. पाहुणे तासभर बोलले. आपला महाराष्ट्र पुरोगामी, आपला पक्ष पुरोगामी, आपले विचार पुरोगामी. माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या, खुरपणीची हजेरी बुडवून आलेल्या. त्यांनी हळूच मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "ताई, ते पुरोगामी म्हंजी कोण वो? आपल्यातलेच हायेत का?"

मी म्हटलं, कार्यक्रम झाल्यावर सांगते. पण कार्यक्रम झाल्यावर मावशींना वडाप गाठायचं होतं, डबा पिशवीत टाकून त्या गेल्यासुद्धा.

मैत्रिणींनो, प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सोपा आहे. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. जात-पात, रूढी, गरीब-श्रीमंत ही दरी मागे टाकू म्हणणारा. अवघड आहे तो दुसरा अर्धा. आपल्यातलेच आहेत का?

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर दौंडचं. मधे भीमा. या दोन तालुक्यांत हा प्रश्न काही आज पडलेला नाही. तो दीडशे वर्षं जुना आहे, आणि तो कर्जाच्या कागदापासून सुरू झाला.

शिरूर तालुक्यात कर्डे नावाचं गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथे काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. घर आणि जमीन लिलावात अवघ्या दीडशे रुपयांत स्वतःच विकत घेतली. देशमुख म्हणाले, मी जागेचं भाडं देतो, घर राहू द्या. सावकारानं ऐकलं नाही, राहतं घर पाडायला घेतलं. तेव्हा गाव उठलं. हाणामारी नाही केली हं. गावानं सावकारांशी व्यवहार बंद केला. त्यांच्या शेतावर कुणी जाईना, दुकानात कुणी पाय ठेवीना, न्हावी हजामत करीना, घरकामाला माणूस मिळेना, पाणी भरायला कुणी येईना.

शाळेत 'दख्खनचे दंगे' असा एका ओळीचा धडा होता, त्यात हे काही नव्हतं. सरकारनं पुढे चौकशीसाठी आयोग नेमला, त्याच्या अहवालात ही हकिगत आली. मी ती वाचली तेव्हा पहिला विचार आला तो पाण्याचा. सावकाराच्या घरी पाणी कोण भरत असेल? धुणीभांडी, दळण कोण करत असेल? बहुतेक बायकाच. म्हणजे बहिष्कार घातला गावानं, पण रोजचा शेर-अदशेर धान्याचा मोबदला बुडाला तो त्यांचाही. अहवालात देशमुखांचं नाव आहे, सावकाराचं नाव आहे. घागर खाली ठेवणाऱ्या बाईचं नाव नाही.

कर्ड्याचं लोण पसरलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढले आणि त्यांची होळी केली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. आजचा दौंडचा बराच भागही त्यातच मोडायचा. (भीमथडी हे नाव आता पुण्यातल्या जत्रेपुरतं उरलंय, तिथे आपल्याकडची भाकरी पुणेकर रांग लावून खातात.) मग शिरूर, इंदापूर, पलीकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत. बहुतेक ठिकाणी रीत एकच. सावकारानं कागद मुकाट्यानं दिले तर त्याला हात लावायचा नाही, नाही दिले तर मात्र खैर नाही. पुणे आणि नगर मिळून ९५१ माणसं पकडली गेली, त्यातल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

लोकांना धान्य नको होतं, दागिने नको होते. कागद हवा होता. का? तर त्यावर काय लिहिलंय ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारनं इंदापूर-भीमथडीकडचा शेतसारा भरमसाट वाढवला. सारा रोखीत भरायचा, रोख सावकाराकडे. घेतले किती नि फिरले किती, हिशेब सगळा त्याच्या वहीत.

आता बघा, याच काळात पुण्यात शिकलेल्या, सुधारणावादी मंडळींची एक संस्था होती. पुणे सार्वजनिक सभा. स्थापना २ एप्रिल १८७०. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे 'सार्वजनिक काका' म्हणू लागले, ते तिचे प्राण. त्या काळच्या मानानं सभेचा नियम फार चांगला होता. कुणीही उठून 'मी जनतेचा प्रतिनिधी' म्हणायचं नाही. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्या मागे सहा हजार माणसांच्या सह्या होत्या. आज आपल्या नावानं बोलणाऱ्या किती जणांकडे असा कागद आहे, हे मोजायला फार बोटं लागणार नाहीत.

आणि सभेनं कामही केलं, हे सांगितलंच पाहिजे. दंगे व्हायच्या आधीच सभेची माणसं गावोगाव हिंडून सारावाढीची चौकशी करून आली होती, अहवाल काढला होता. न्यायमूर्ती रानडेही सभेत आले आणि दुष्काळावर, शेतसाऱ्यावर सभेची निवेदनं सरकारला सळो की पळो करू लागली. दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. न्यायाधीशानं नुसता कागद बघायचा नाही, मूळ रक्कम किती होती ते खोदून काढायचं, आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. मोठी गोष्ट होती ती.

पण त्या पन्नास सह्या कुणाच्या? वतनदार, वकील, पेढीवाले, पेन्शनर. सही करता येणाऱ्यांच्या. नांगरामागे चालणाऱ्याची सही त्यात क्वचितच, आणि त्याच्या बायकोची तर विचारूच नका. कायद्यानं वाचवली ती ज्याच्या नावावर जमीन आहे त्याची जमीन. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही, कारण त्याचं मुखत्यारपत्र कुणाजवळच नव्हतं.

ही दुखरी जागा नेमकी ओळखली जोतीराव फुल्यांनी. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. सावकार, भट-कारकून आणि गोरा साहेब हे तिघं मिळून शेतकऱ्याला कसं सोलतात ते त्यात आहेच. पण जी मंडळी शेतकऱ्याच्या नावानं सभा भरवतात त्यांनाही त्यांनी सोडलं नाही. तुमच्यात कुणबी किती, महार-मांग किती, एवढाच त्यांचा सवाल असायचा. सावित्रीबाईंचंही तसंच. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला, जाऊन राहिल्या. सत्यशोधक समाजानं ठिकठिकाणी ५२ अन्नछत्रं चालवली. एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. हाताखालचं माणूस काय खातं हे बघून मग त्याच्याबद्दल बोलणाऱ्या त्या बाई होत्या.

२ मार्च १८८८ ला पुण्यात इंग्लंडच्या राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या, सन्मानार्थ मेजवानी होती. सगळे जरीच्या पागोट्यांत, हिऱ्यामोत्यांत. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या साध्या वेशात. आणि त्यांनी ड्यूकला सांगितलं की ही इथे बसलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, तो बघायचा तर खेड्यात जा.

पुढच्याच वर्षीची गोष्ट तर आपल्या दौंडकरणींना ठाऊक असायलाच हवी. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पाचवं अधिवेशन भरलं. योगायोग बघा, सन १८८९ आणि प्रतिनिधीही १८८९. त्या काळातलं देशातलं सगळ्यात पुढारलेलं राजकारण ते हेच. जोतीरावांचे चरित्रकार सांगतात की मांडवाच्या दाराशी त्यांनी गवताचा एक भला मोठा शेतकरी उभा करून ठेवला होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसावा म्हणून. आतल्या प्रतिनिधींत त्या वर्षी पहिल्यांदाच दहाएक बायका होत्या आणि त्यांत एक होत्या पंडिता रमाबाई. दाराबाहेर गवताचा शेतकरी, आत खुर्चीवर बाई. बोलायला मात्र त्या अधिवेशनात बायकांना मिळालं नाही. काँग्रेसच्या व्यासपीठावरून बाई पहिल्यांदा बोलली ती पुढच्या वर्षी कलकत्त्याला, कादंबिनी गांगुली.

या रमाबाई पुढे आल्या कुठे, तर आपल्या केडगावला. पुणे-दौंड लोकलनं जाताना स्टेशन लागतं ते. त्यांचं शारदा सदन आधी मुंबईत, मग पुण्यात होतं. धर्मांतराच्या वादावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी त्यातून अंग काढून घेतलं. त्या वादात कुणाचं किती बरोबर यावर आजही लोक भांडतात, मी त्यात पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० सालच्या सुमाराला तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मुली शेती करायच्या, विणकाम करायच्या, तेलाचा घाणा चालवायच्या, छापखान्यात खिळे जुळवायच्या. विधवेचं दुःख यावर भाषणं पुण्यात भरपूर होत होती. पण विधवेच्या हातात दोन पैसे कसे येतील हे बघणारं ठिकाण आपल्या तालुक्यात होतं.

माझ्या मनात ही दोन मापं तेव्हापासून पक्की बसलीत. एक, कर्जाचा कागद कुणाच्या हातात आहे. दोन, मजुरी किती आणि कुणाला. या दोन गोष्टी जो विचारतो तो आपल्यातला. बाकी मग तो स्वतःला काही का म्हणवून घेईना.

आताचं बघू. शिरूर आणि दौंड म्हटलं की बाहेरच्यांना ऊस दिसतो, रांजणगाव आणि कुरकुंभची एमआयडीसी दिसते, अष्टविनायकाच्या रस्त्यावरची हॉटेलं दिसतात. कॅनॉलच्या अंगाला खरंच हिरवंगार आहे. पण पाबळ-केंदूर-कान्हूर मेसाईकडे उन्हाळ्यात जा, किंवा दौंडच्या दक्षिणेला जिरेगावच्या अंगाला. टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांच्या रांगा तुम्हाला काही वेगळंच सांगतील. एकाच तालुक्यात, दहा-वीस किलोमीटरवर.

सहकार हे आपल्या पुरोगामी राजकारणाचं सगळ्यात मोठं नाणं. शिरूरला न्हावऱ्याचा घोडगंगा, दौंडला पाटसचा भीमा. शेतकऱ्याचा स्वतःचा कारखाना ही कल्पनाच किती मोठी! आजोबांच्या पिढीनं शेअरचे पैसे पोटाला चिमटा घेऊन भरले. आणि आता? पाटसचा कारखाना काही हंगाम बंद पडला आणि २०२२ मध्ये भाड्यानं द्यावा लागला. घोडगंगाचीही अलीकडे काही हंगाम चाकं थांबली. त्यावर चावडीवर, हॉटेलात, सगळीकडे पुरुष मंडळी बोलतात. मला एक साधीच गोष्ट विचारायची आहे. कारखान्याच्या निवडणुकीत मत कुणाला? सभासदाला. सभासद कोण? ज्याच्या नावावर ऊस आणि सातबारा. लागण करणारी, खुरपणारी, पाचट काढणारी बाई सभासद नाही. तोडणीला मराठवाड्यातून, नगरकडून येणारी कोयता-जोडीतली बाई तर मतदार यादीत इथे नाहीच. म्हणजे मुखत्यारपत्रावर सही करता येणारे तेवढेच मोजायचे, हा जुना हिशेब अजून मोडलेला नाही.

सातबाऱ्यावरून आठवलं. बाईचं नाव सातबाऱ्यावर लावा हे ज्यांनी गावोगाव सांगितलं ते शरद जोशी. कांद्याच्या आंदोलनानं आपल्याच जिल्ह्यात, चाकणला, त्यांची शेतकरी संघटना मोठी झाली. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला त्यांनी शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढे 'लक्ष्मीमुक्ती' काढली. नवऱ्यानं राजीखुशीनं बायकोच्या नावे जमीन करायची. आता गंमत अशी की जोशींना 'पुरोगामी' कुणी म्हणत नसे, खुल्या बाजाराची बाजू घेतात म्हणून डावी मंडळी त्यांच्यावर नाराजच असत. पण सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवायला त्यांनी हात घातला. १९९२ मध्ये सरकारनंही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि बायकोचं नाव सहधारक म्हणून लावून घ्यायचं. आपल्या ओळखीत किती घरांत हे झालंय, एकदा सातबारा काढून बघा.

दुसऱ्या बाजूनं रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयांनी खडी फोडली, पाझर तलावाची माती उपसली, सुकडी खाल्ली. वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, विरोधी बाकांवरच्या समाजवादी-डाव्या मंडळींनी ती लावून धरली, आणि महाराष्ट्रानं १९७७ मध्ये कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम! आणि मजुरी कामाच्या मापावर, त्यामुळे बाईचा दर वेगळा नि गड्याचा वेगळा असं नाही. पुरोगामी राजकारण आपलं होतं म्हणायला मला एवढा एक दाखला पुरेसा आहे. रस्त्याच्या त्या कामावरून सुटून बाई पाटलाच्या वावरात गेली की मात्र हजेरी पुन्हा गड्यापेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. आजही कांदा काढणीला बाईची हजेरी वेगळी, गड्याची वेगळी, हे मी सांगायला नको.

'लाडकी बहीण'चं काय, असं तुम्ही विचारालच. २०२४ च्या जुलैपासून महिन्याला पंधराशे आले, थेट खात्यात. शहरातले लोक त्याला फुकटचे पैसे म्हणून नाकं मुरडतात, त्यात स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही आहेत. मला ते पटत नाही. जिनं जन्मात स्वतःच्या नावानं पैसा बघितला नाही तिला तो बघू द्या की. पण त्या पंधराशेतला किती पैसा घरात राहतो हे मी आमच्या गल्लीत बघितलं आहे. पैसे जमा होतात आणि त्याच आठवड्यात गटाच्या हप्त्याला जातात.

गट म्हणजे आपला बचत गट नाही. मायक्रोफायनान्सचा. मंगळवारी सकाळी कुणाच्या तरी ओट्यावर 'मिटिंग' असते. मोटारसायकलवरून 'सर' येतात, पंचविशीतला मुलगा असतो बिचारा, त्यालाही वसुलीचं टार्गेट. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, नाही तर कुणी उठायचं नाही. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. मुलीचं लग्न, नवऱ्याचं ऑपरेशन, बोअर फेल गेली. सहीच्या ठिकाणी फुली केलेली असते, सही केली जाते. कर्ड्याला काय झालं होतं ते मला अशा वेळी आठवतं. आणि या बायकांची गोष्ट मी आजवर कुठल्याच पक्षाच्या सभेत, कुठल्याच रंगाच्या झेंड्याखाली ऐकलेली नाही.

म्हणून एवढं तरी माहीत करून घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये या कर्जांसाठी नियम केलेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाला तारण घ्यायचं नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीला फोन करायचा नाही, शिवीगाळ, धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, त्यावर व्याजाचा दर, बाकीचे आकार, तक्रार कुठे करायची, सगळं लिहायचं. आणि विमा वगैरे काही गळ्यात मारायचं नाही, तुमच्या संमतीनंच द्यायचं.

आणि गावातला बिनपरवान्याचा सावकार असेल तर त्याला २०१४ चा राज्याचा सावकारी कायदा आहे. त्यानं कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांपर्यंतचा व्यवहार उकरता येतो, चौकशीत सिद्ध झालं तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. त्यासाठी तालुक्याला सहकार खात्याचे सहायक निबंधक बसतात, त्यांच्याकडे जायचं.

गेल्या आठवड्यात मी आमच्या गल्लीतल्या बायकांना आपापली कर्जाची कार्डं आणायला सांगितली. बहुतेकींची आधार कार्डाच्या पिशवीत होती, घडीसुद्धा न मोडलेली. आम्ही ओट्यावर बसून ती वाचली. एकीच्या कार्डावर विम्याचे पैसे कापलेले निघाले. आपला विमा काढलाय हेच तिला ठाऊक नव्हतं. येत्या मंगळवारी सर आले की सगळ्यांसमोर विचारते म्हणाली.